मार्कीझ: एका फ्रेंच पदवीचा अर्थ, ती मिळण्याच्या वाटा आणि मराठीत ती वापरायची रीत

फ्रेंच इतिहासावरचं पुस्तक असो, एखाद्या कादंबरीचा अनुवाद असो किंवा सबटायटल लावलेली मालिका, कुठे ना कुठे मार्कीझ भेटतेच. मराठीत आल्यावर तिचं काय होतं ते बघा. कुणी तिला ‘मार्क्विस’ म्हणतं, म्हणजे बाईचा पुरुष होतो. कुणी ‘मार्शनेस’ म्हणतं, म्हणजे ती इंग्रज होते. कुणी सरळ ‘राणीसाहेब’ करून टाकतं आणि मग दोन पानांनी खरी राणी आली की वाचक गोंधळतो. अनुवाद करणाऱ्यांना, फ्रेंच शिकणाऱ्यांना, इतिहासावर लिहिणाऱ्यांना आणि सबटायटल करणाऱ्यांना हाताशी ठेवता येईल अशी रीत इथे पायरीपायरीने देतो आहे. माझा सगळा भर एका प्रश्नावर आहे: या बाईला ही पदवी मिळाली कुठून? त्याचं उत्तर सापडलं की तिचं नाव कसं लिहायचं, तिला हाक कशी मारायची आणि तिची खरी ताकद किती, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

पहिली पायरी: देश बघा, मग शब्द ठरवा

फ्रेंचमध्ये पुरुषाला ‘मार्की’ आणि बाईला ‘मार्कीझ’. पुरुषाच्या रूपात शेवटचा ‘स’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. बाईच्या रूपात तोच ‘झ’ होऊन ऐकू येतो. हा झ ‘ब्राझील’मधला.

मराठी वाचकाला ‘मार्क्विस’ हा शब्द वेगळ्या वाटेने माहीत आहे. मराठ्यांच्या इतिहासात मार्क्विस वेलस्ली येतो, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज येतो. हे दोघे ब्रिटिश गव्हर्नर जनरल, त्यांच्या पदव्या तिकडच्या. अशा माणसाची बायको ‘मार्शनेस’. फ्रेंच माणसाची बायको ‘मार्कीझ’. पोर्तुगीज असेल तर ‘मार्केझा’. पदवी ज्या राज्याने दिली त्या राज्याचा शब्द घ्यायचा. बाई जन्माने कुठली आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

याची दोन उदाहरणं भारताच्या इतिहासातच आहेत. रिचर्ड वेलस्लीची बायको यासँत गाब्रिएल रोलाँ ही फ्रेंच, पॅरिसच्या रंगभूमीवरची नटी. 1799 मध्ये वेलस्लीला आयर्लंडच्या सरदारवर्गातली मार्क्विसची पदवी मिळाली, तेव्हा ही अस्सल फ्रेंच बाई मार्शनेस झाली. तिला मार्कीझ लिहिणं चूक. उलट पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याची बायको जान, जिला आपल्याकडे ‘जोहान्ना बेगम’ म्हणून ओळखत, तिचा जन्म पाँडिचेरीतला. डुप्लेला मार्कीची पदवी फ्रान्सच्या राजाने दिली. त्यामुळे भारतात जन्मलेली ही बाई मार्कीझ.

शब्द मराठीत आला की त्याला मराठी व्याकरण लावायचं. मार्कीझ स्त्रीलिंगी: मार्कीझला, मार्कीझनं, मार्कीझच्या. अनेकवचन करताना ‘मार्कीझा’ किंवा ‘मार्कीझी’ असं ओढूनताणून करू नका. शब्द तसाच ठेवा आणि क्रियापदावर काम सोपवा: ‘तीन मार्कीझ दालनात आल्या.’ फ्रेंचमधला ‘ला’ हा तिकडचा उपपद-शब्द आहे. तो फक्त ‘मादाम ला मार्कीझ’ या ठरलेल्या संबोधनात ठेवायचा. इतरत्र ‘ला मार्कीझ आल्या’ असं लिहिलं की तो नावाचा भाग वाटतो.

दुसरी पायरी: पदव्यांच्या उतरंडीत तिची जागा

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. वरून खाली क्रम असा: द्युशेस, मार्कीझ, कोंतेस, व्हिकोंतेस, बारॉन. मराठीत यांपैकी डचेस (द्युशेस), काउंटेस (कोंतेस), बॅरोनेस (बारॉन) ही रूपं रुळलेली आहेत. ती खुशाल वापरा. ‘बारॉन’ तर वापरूच नका, कारण वाचक तो पुरुष बॅरन समजेल. मार्कीझसाठी मराठीत रुळलेलं रूप नाही, म्हणून तिथे फ्रेंच उच्चार घ्यावा असं माझं मत.

मूळ अर्थाने मार्की म्हणजे सीमेवरच्या मुलखाचा रखवालदार, आणि काउंटला फ्रेंचमध्ये म्हणतात त्या ‘कोंत’चा अर्थ राजाचा सोबती. पण सतराव्या-अठराव्या शतकात सीमा आणि मार्की यांचा काही संबंध उरला नव्हता. तेव्हा ‘सीमारक्षिका’ वगैरे भाषांतर करण्याच्या फंदात पडू नका.

उतरंडीतला खरा मोठा फरक द्युशेस आणि बाकी सगळ्या यांच्यातला. व्हर्साय इथल्या फ्रेंच राजदरबारात राणीसमोर बसायचा मान द्युशेसला होता. तिला एक बिनपाठीचं, बिनहाताचं छोटं आसन मिळायचं, त्याला ‘ताबुरे’ म्हणत. मार्कीझ उभी. एखाद्या प्रसंगात राणीसमोर कोण बसलं आहे आणि कोण उभं आहे याचं वर्णन आलं, तर ते गाळू नका. त्या काळच्या वाचकाला त्या एका स्टुलावरून दोन बायकांमधलं अंतर कळत होतं.

तिसरी पायरी: पदवी मिळाली कुठून?

हीच मुख्य पायरी, त्यामुळे इथे थांबू या.

सगळ्यात नेहमीची वाट लग्नाची. नवरा मार्की म्हणून बायको मार्कीझ. आपल्याकडे पाटलाची बायको पाटलीण आणि देशमुखाची देशमुखीण होते, तसंच. पाटलीणबाईंना गावात मान असतो, पण पाटीलकीचा कागद त्यांच्या नावावर नसतो. लग्नाने झालेल्या मार्कीझचंही तेच. तिच्या माहेरचं कूळ साधं असलं तरी लग्नानंतर ती मार्कीझ होते. उलट सरदारघराण्यातली मुलगी बिनपदवीच्या माणसाशी लग्न करून गेली तर नवऱ्याला पदवी मिळत नाही, तीच त्याच्या पायरीला येते. मुलांचं सरदारपण सहसा बापाकडून येतं, आईकडून नाही.

नवरा वारला की ती पदवी सोडत नाही. पण मुलगा मार्की झाला आणि त्याचं लग्न झालं की घरात दोन मार्कीझ होतात. तेव्हा सासूबाईंच्या पदवीला ‘दुएरिएर’ हा शब्द जोडतात. मराठीत यासाठी नवा शब्द शोधायची गरजच नाही: ‘थोरल्या मार्कीझ’. आपल्या वाड्यांमध्ये ‘थोरल्या बाईसाहेब’ आणि ‘धाकट्या बाईसाहेब’ असं म्हणतातच, आणि अर्थ नेमका तोच आहे. ‘विधवा मार्कीझ’ असं भाषांतर मी कुठेकुठे पाहिलं आहे. ते टाळा. त्यात भर वैधव्यावर जातो. फ्रेंच शब्दाचा भर घरातल्या थोरपणावर आणि नवऱ्यामागे मिळणाऱ्या तिच्या हिश्शावर आहे.

दुसरी वाट स्वतःच्या हक्काची. काही जहागिरी मुलगा नसेल तर मुलीकडे जात. मग ती बाई कुणाची बायको म्हणून नव्हे, तर मालकीण म्हणून पदवी लावते. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲक्विटेनच्या एलिनॉरचं. 1137 मध्ये वडील गेले आणि ती स्वतःच्या हक्काने डचेस झाली. त्याच वर्षी तिचं फ्रान्सच्या सातव्या लुईशी लग्न झालं. 1152 मध्ये ते लग्न रद्द ठरलं, तेव्हा ॲक्विटेन फ्रान्सच्या राजाकडे राहिलं नाही. तिच्याबरोबर गेलं, आणि तिने इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न केल्यावर त्या घराला जाऊन मिळालं. लग्नाने पदवी मिळालेल्या बाईच्या बाबतीत हे होऊच शकलं नसतं.

मार्कीझच्या दर्जाचं असं उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे, फक्त ते पोर्तुगीज आहे. लिओनोर द ताव्होरा ही ताव्होरा घराण्याची तिसरी मार्केझा होती ती स्वतःच्या हक्काने. तिचा नवरा फ्रांसिस्कु द आसिस तिच्यामुळे ताव्होराचा मार्केझ झाला. तो 1750 ते 1754 गोव्यात व्हाइसरॉय होता आणि तीही त्याच्यासोबत गोव्यात आली होती. लिस्बनला परतल्यावर राजावरच्या हल्ल्याच्या आरोपात 13 जानेवारी 1759 रोजी तिला आणि घरातल्या इतरांना देहदंड झाला. गोव्याच्या इतिहासावर लिहिताना तिचा उल्लेख ‘व्हाइसरॉयची पत्नी’ एवढाच केला, तर पदवीचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहत होता हेच उलटं होतं.

म्हणून लिहिताना एक खूण ठेवा. लग्नाने मिळालेल्या पदवीसाठी नुसतं ‘मार्कीझ’ पुरे. स्वतःच्या हक्काची असेल तर निदान एकदा तरी ‘स्वतःच्या हक्काने मार्कीझ’ असं स्पष्ट म्हणा.

तिसरी वाट राजाच्या मर्जीची. इथे मादाम द पाँपादूर जवळून बघण्यासारखी आहे. जान आंत्वानेत प्वासों, जन्म पॅरिसमध्ये 29 डिसेंबर 1721. आडनाव प्वासों, म्हणजे मासा. सरदारकुळाशी संबंध नाही. 1741 मध्ये तिचं लग्न ल नॉर्मां देत्योल याच्याशी झालं, तेव्हा ती मादाम देत्योल झाली. फेब्रुवारी 1745 मध्ये व्हर्सायला युवराजाच्या लग्नानिमित्त मुखवट्यांचा नाच होता, आणि तिथून पंधराव्या लुईशी तिची जवळीक उघड झाली. आता अडचण अशी की दरबारात रीतसर हजर व्हायला पदवी हवी. राजाने मग लिमूझँ प्रांतातली पाँपादूर ही जहागीर तिच्यासाठी घेतली. त्या जागेची मार्कीची पदवी जुन्या घराण्याबरोबर संपलेली होती. ती पदवी तिच्या नावावर आली आणि 14 सप्टेंबर 1745 रोजी तिला दरबारात राणीसमोर सादर केलं गेलं.

म्हणजे माहेरचं प्वासों, सासरचं देत्योल आणि जग ओळखतं ते पाँपादूर. या तिसऱ्या नावाचा तिच्या बापाशी संबंध नाही, नवऱ्याशीही नाही. ते एका गावाचं नाव आहे. तिच्याबद्दल ‘पाँपादूर घराण्यातली’ असं मराठीत छापलेलं दिसलं तर ते खोडा. पुढे 1752 मध्ये राजाने तिला द्युशेसचा दर्जा दिला. ताबुरेवर बसायचा मान मिळाला, पण पदवी ती मार्कीझच लावत राहिली. त्यामुळे 1752 नंतरच्या प्रसंगातही तिला ‘मार्कीझ’ म्हणणं बरोबर आहे आणि ती राणीसमोर बसलेली दाखवणंही बरोबर आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण नाहीत.

तिच्यानंतरच्या मादाम द्यु बारीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिला 1768 मध्ये एका काउंटच्या घरात नावापुरतं लग्न लावून काउंटेस केलं गेलं. बाहेरून ही लग्नाची पदवी, आतून राजाच्या सोयीची. अशा ठिकाणी लेखकाने दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

चौथी वाट सौजन्याची. जुन्या, म्हणजे क्रांतीपूर्वीच्या राजवटीत नियमाने पदवी जमिनीला जोडलेली असे. राजाच्या पत्राने ती जमीन ‘मार्कीची जहागीर’ ठरायची आणि त्या पत्राची नोंद न्यायपालिकेकडे व्हायची. पण दरबारात वावरणारे कित्येक जुन्या कुळातले लोक असं कोणतंही पत्र नसताना मार्की किंवा काउंट म्हणवून घेत, आणि राजाही त्यांना तसंच लिही. त्यांच्या बायका अर्थात मार्कीझ. अठराव्या शतकात मार्कीझ इतक्या संख्येने का भेटतात याचं हे एक कारण. कथेतल्या एखाद्या मार्कीझकडे वाडा गहाण, नोकर दोन आणि कर्ज डोक्यावर असं वर्णन आलं तर दचकू नका.

चौथी पायरी: नाव लिहिताना ‘द’चं काय करायचं

‘द’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. मार्कीझ द पाँपादूर म्हणजे पाँपादूरची मार्कीझ. हा ‘द’ दिसला की माणूस सरदारच, असा समज आहे. तो खोटा आहे. साध्या लोकांच्या नावातही तो असतो आणि काही जुन्या सरदारांच्या नावात नसतोही.

नियम असा की पुढे पदवी, मादाम किंवा पहिलं नाव असेल तर ‘द’ ठेवायचा: मादाम द सेव्हिन्ये. नुसतं आडनाव घ्यायचं तर ‘द’ गळतो: सेव्हिन्येची पत्रं, पाँपादूरची अभिरुची. मराठीत ‘द पाँपादूरने ठरवलं’ असं लिहिलेलं वाचलं की फ्रेंच येणाऱ्याला ते खटकतं. पण ‘द्यु’ असेल तर तो सोडायचा नाही: द्यु शातले, द्यु बारी. स्वरापुढे ‘द’ नावाला चिकटून जातो, तोही तसाच राहतो. वरचं ‘देत्योल’ हे मुळात ‘द’ अधिक ‘एत्योल’ आहे. हे ‘द’, ‘द्यु’ आणि चिकटलेला ‘द’ मराठीत वेगवेगळे दिसले पाहिजेत. तिन्ही ठिकाणी ‘डी’ लिहिण्याची सवय इंग्रजीतून आली आहे. तिचा नाद सोडलेला बरा.

माहेरचं नाव सांगायला फ्रेंचमध्ये ‘ने’ हा शब्द वापरतात. मराठीत तो आणायची गरज नाही. ‘पूर्वाश्रमीची’ आपल्याकडे आहेच. सेव्हिन्येच्या बाबतीत: मार्कीझ द सेव्हिन्ये, पूर्वाश्रमीची मारी द राब्युतँ-शांताल, 1626 ते 1696. फ्रेंच लोक तिला बहुतेक वेळा ‘मादाम द सेव्हिन्ये’ एवढंच म्हणतात. पदवी गाळणं हा अनादर नाही. लेखात पहिल्या उल्लेखाला पदवी, नंतर ‘मादाम द सेव्हिन्ये’ किंवा ‘सेव्हिन्ये’, असं ठेवलं की वाचताना अडखळायला होत नाही.

मुलींचं काय? मार्कीझच्या अविवाहित मुलीला आईबापाची पदवी मिळत नाही. ती ‘मादमोआझेल द अमुक’. ‘छोटी मार्कीझ’ हे लाडाने कुणी म्हणत असेल तर ठीक, पण पदवी म्हणून नाही. इथेच एक सापळा आहे: सतराव्या शतकात ‘मादमोआझेल’ हा शब्द खालच्या थरातल्या विवाहित बायकांनाही लावत. तेव्हा त्या काळातला मजकूर असेल तर ‘मादमोआझेल’ दिसताच ‘कुमारी’ लिहून मोकळं होऊ नका. आधी तिच्या नवऱ्याचा शोध घ्या.

आणखी एक: राजघराण्याच्या संदर्भात पुढेमागे काहीही न जोडता नुसतं ‘मादाम’ आलं, तर ती बहुधा राजाच्या धाकट्या भावाची बायको असते. नुसतं ‘मादमोआझेल’ म्हणजेही राजकुळातली एक ठराविक मुलगी. तिथे ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ करून टाकलं तर पूर्ण व्यक्तीच हरवते.

पाचवी पायरी: हाक मारणं

कोण कुणाशी बोलतं आहे यावर सगळं अवलंबून.

नोकर, कारकून, व्यापारी तिला ‘मादाम ला मार्कीझ’ म्हणतात, आणि पुष्कळदा तिच्याशी बोलताना तृतीय पुरुषात बोलतात: ‘मादाम ला मार्कीझ बाहेर जाणार आहेत का?’ मराठीत हे अगदी सहज बसतं: ‘बाईसाहेब बाहेर निघणार आहेत का?’ आपल्याकडच्या जुन्या वाड्यात नोकर असंच बोलत. जेवण तयार झाल्याची वर्दी देताना फ्रेंच नोकर जे वाक्य म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ ‘मादामना वाढलेलं आहे’ असा होतो. ‘मादाम, तुम्हाला सेवा दिली गेली आहे’ असं काहीतरी सबटायटलमध्ये येतं तेव्हा वाईट वाटतं, कारण मराठीत हुकमी वाक्य आहे: ‘बाईसाहेब, पानं घेतली आहेत.’

बरोबरीचे लोक नुसतं ‘मादाम’ म्हणतात. दर वाक्याला पदवी उच्चारणं हे खालच्या माणसाचं किंवा नवश्रीमंताचं लक्षण मानलं जाई. तेव्हा दोन सरदार तिच्याशी बोलत असतील तर पदवी कमी करा. कथेत एखादा माणूस मुद्दाम ‘मादाम ला मार्कीझ, मादाम ला मार्कीझ’ करत असेल तर ती लेखकाने पेरलेली खूण आहे. तिथे मात्र प्रत्येक वेळी ठेवा.

‘लेडी’, ‘मायलेडी’, ‘युअर ग्रेस’ ही सगळी इंग्रजी दरबाराची भाषा. मार्कीझला यातलं काहीही लागू नाही.

आता ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा प्रश्न. जुन्या फ्रेंच सरदारघरांत नवराबायकोसुद्धा एकमेकांना आदरार्थी बोलत. मराठीत बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, पण नवरा बायकोला ‘तू’ म्हणतो, आणि अनुवादात हात आपोआप तिकडे वळतो. वळू देऊ नका. मार्कीने मार्कीझला ‘तुम्ही’च म्हटलं पाहिजे. मराठी कानाला ते सुरुवातीला थोडं परकं वाटतं, पण आपल्या सरदार-संस्थानिकांच्या घरांतही असं बोलणं होतंच, त्यामुळे वाचक स्वीकारतो. याचा मोठा फायदा पुढे मिळतो: एखाद्या क्षणी मूळ मजकुरात ‘तू’ आला, भांडणात किंवा प्रेमात, तर तो मराठीतही तितकाच जोराने लागतो. सुरुवातीपासून ‘तू’ केलं असेल तर तो क्षण हातातून गेला.

निवेदनात मात्र ‘ती’ की ‘त्या’? चरित्र किंवा इतिहास असेल तर ‘ती’ चालतं. मराठीत परदेशी ऐतिहासिक व्यक्तींबद्दल ती रीत आहे. कथेत एखाद्या नोकराच्या नजरेतून सांगितलेलं असेल तर ‘त्या’ हवं. एकदा ठरवलं की बदलू नका.

सहावी पायरी: साल तपासा

पदवी खरी की खोटी हे पुष्कळदा तारखेवरूनच कळतं. 19 जून 1790 रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभेने वंशपरंपरागत सरदारकी आणि पदव्या रद्द केल्या. त्यानंतरच्या क्रांतिकाळात ‘मार्कीझ’ म्हणवून घेणं जिवावर बेतू शकत होतं. लोक एकमेकांना ‘नागरिक’ म्हणत, बाईला ‘सितुआयेन’. 1793 मधल्या प्रसंगात रस्त्यावर कुणी ‘मादाम ला मार्कीझ’ अशी हाक मारत असेल तर ती एकतर शिवी आहे, नाहीतर भयंकर निष्काळजीपणा.

नेपोलियनने 1808 मध्ये नवे सरदार निर्माण केले, पण त्यात मार्की आणि व्हिकोंत या पदव्या ठेवल्याच नाहीत. प्रिन्स, ड्यूक, काउंट, बॅरन आणि शव्हालिए (नाइट) एवढेच. म्हणून नेपोलियनने ‘मार्कीझ’ केलेली बाई असूच शकत नाही. तुमच्या मजकुरात ती दिसली तर एकतर पदवी जुन्या राजवटीतली आहे, किंवा कुणीतरी चुकलं आहे. 1814 मध्ये राजे परतले आणि जुन्या पदव्या पुन्हा लावायची मुभा मिळाली. 1848 मध्ये त्या परत रद्द झाल्या, 1852 मध्ये परत आल्या.

आज फ्रान्स प्रजासत्ताक आहे. पदवीमुळे कोणताही हक्क किंवा सवलत मिळत नाही. कायदा तिला नावाला जोडलेली गोष्ट मानतो, आणि कागदोपत्री लावायची तर न्यायमंत्रालयाची मान्यता लागते. समाजात मात्र ती टिकून आहे. आज अशा घरी पत्र किंवा निमंत्रण पाठवताना पाकिटावर पदवी लिहितात, पण समोर भेटल्यावर मार्कीझला नुसतं ‘मादाम’ म्हणणं हीच रीत. डचेस एवढी अपवाद. तिला अजून ‘मादाम ला द्युशेस’ म्हणतात. फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या मुलांना अशा घरी बोलावणं आलं, तर एवढं माहीत असलं की पुरे.

बाई नसलेल्या मार्कीझ

वाक्यात मार्कीझ आली की ती बाईच असेल असं नाही. इमारतीच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या दारावर लोखंड-काचेचं जे छत पुढे काढलेलं असतं त्याला फ्रेंचमध्ये मार्कीझ म्हणतात. ‘ते मार्कीझखाली पावसात थांबले’ याचा अर्थ छताखाली थांबले. चॉकलेटचा एक थंड, घट्ट गोड पदार्थ मार्कीझ, रुंद बैठकीची एक जुनी खुर्चीही मार्कीझ. हिऱ्यांच्या व्यापारात दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा पैलू पाडलेला हिरा ‘मार्कीज’ म्हणून चालतो. त्याचा संबंध पाँपादूरशी जोडतात, पण ती आख्यायिका समजावी. सोनाराच्या दुकानातला तो ‘मार्कीज’ तसाच राहू द्या, तो व्यवहारातला शब्द आहे.

सगळं एकत्र: एका नावावर करून बघू

समजा, तुम्हाला न्यूटनचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणणाऱ्या एमिली द्यु शातलेवर मराठीत टिपण लिहायचं आहे. 1759 मध्ये छापलेल्या त्या भाषांतराच्या मुखपृष्ठावर तिचं नाव ‘दिवंगत मादाम ला मार्कीझ द्यु शातले’ अशा अर्थाचं आहे, आणि आडनावाचं स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं, मधे जादा ‘स’ असलेलं.

देश फ्रान्स, म्हणून मार्कीझ. पदवी कुठून? ती 1706 मध्ये पॅरिसमध्ये जन्मली, ब्रतय घराण्यात; वडील बॅरन होते, पण मुलगी म्हणून तिला पदवी नव्हती. 1725 मध्ये मार्की द्यु शातलेशी लग्न झालं आणि ती मार्कीझ झाली. म्हणजे पदवी लग्नाची. सिरे या गावातला वाडा, जिथे लेखक व्हॉल्तेरबरोबर राहून तिने अभ्यास केला, तोही नवऱ्याच्या घराण्याचा. ‘द्यु’ आहे, म्हणून तो गाळायचा नाही; ‘शातलेने भाषांतर केलं’ असं नाही, ‘द्यु शातलेने’. जुनं स्पेलिंग बघून ‘शास्तेले’ लिहू नका; तो ‘स’ मुका होता, आणि आजच्या स्पेलिंगमध्ये त्याच्या जागी स्वरावर टोपी आली आहे. साल 1759, क्रांतीच्या बरंच आधीचं, त्यामुळे पदवीबद्दल शंका नाही. ‘दिवंगत’ का? कारण ती 10 सप्टेंबर 1749 रोजी, बाळंतपणानंतर काही दिवसांनी ल्यूनेव्हिलला वारली. भाषांतराचं काम तिने त्याच वर्षी संपवलं होतं.

मराठी वाक्य मग असं होईल: ‘कै. मार्कीझ द्यु शातले, पूर्वाश्रमीची एमिली द ब्रतय, हिने केलेलं न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1759 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झालं.’ फ्रेंच मुखपृष्ठावरच्या त्या शब्दाला आपला ‘कै.’ नेमका बसतो. त्यापुढच्या परिच्छेदापासून नुसतं ‘द्यु शातले’ लिहा. भौतिकशास्त्रावरच्या तिच्या कामाबद्दल बोलताना पदवी पुन्हा आणू नका, जसं आपण न्यूटनच्या प्रत्येक उल्लेखाला ‘सर’ लावत नाही.